वाचकांचे प्रश्न : ताट एकच, परिणाम मात्र निरनिराळा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आला आहे. तेच फळ, तोच मसाला, तीच पूड एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला मुळीच पडत नाही, असे का होते? कोल्हापूर आणि आसपासच्या भागातून आलेली अशी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पाचही पत्रांच्या मुळाशी वनस्पतींतील पॉलिफेनॉल ही द्रव्ये आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देणे सोयीचे वाटले.

प्रश्न : घरात मी आणि माझी धाकटी जाऊ अशा दोघीच स्वयंपाक पाहतो. दोघींचीही पाळी अलीकडेच बंद झाली असून अंगातून अचानक गरम वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे हा त्रास दोघींनाही होता. सोयाबीनने हा त्रास कमी होतो असे वाचल्यावर आम्ही आमच्याच रानातले सोयाबीन भाजून, दळून आणून ज्वारीच्या पिठात मिसळू लागलो. काही महिन्यांनी जावेचा त्रास निम्म्यावर आला, मला मात्र काडीचाही फरक पडला नाही. भाकरी एकाच परातीतल्या पिठाची, तव्यावरून उतरून एकाच टोपलीत येणारी. मग माझ्या शरीरात काही दोष आहे का? – एक वाचक भगिनी, शिरोळ

उत्तर : आपल्या शरीरात दोष नाही, हे सर्वप्रथम सांगते. दोघींच्या पोटात गेले ते एकच होते, पण दोघींच्या रक्तात उतरले तेही एकच असेल असे नाही. या फरकाचे कारण बऱ्याच अंशी मोठ्या आतड्यात आहे.

ऊन, कीड आणि बुरशी यांपासून बचाव करण्यासाठी वनस्पती पॉलिफेनॉल तयार करतात. जांभळाचा गडद रंग, कोऱ्या चहाचा तुरटपणा आणि हळदीचा पिवळेपणा ही त्यांचीच किमया आहे. अशी ८,००० हून अधिक द्रव्ये आजवर ओळखली गेली आहेत. आपण खाल्लेल्या पॉलिफेनॉलपैकी जेमतेम ५ ते १० टक्के लहान आतड्यात शोषली जातात असा अंदाज आहे. उरलेली सारी मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथे वस्तीला असलेले जिवाणू त्यांची मोडतोड करून नवी, लहान द्रव्ये घडवतात. त्यामुळे पॉलिफेनॉलचा शरीरावर जो परिणाम होतो, तो पुष्कळदा मूळ द्रव्याचा नसून त्यापासून जिवाणूंनी बनवलेल्या द्रव्याचा असतो.

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन या गटातील डेडझीन नावाचे पॉलिफेनॉल साखरेच्या रेणूला जोडलेले असते. आतड्यात ती साखर सुटते आणि डेडझीन मोकळे होते. यापुढे माणसामाणसांच्या वाटा वेगळ्या होतात. काही लोकांच्या आतड्यांत ॲडलरक्रॉइट्झिया, स्लॅकिया अशा गटांतील जिवाणू असतात आणि ते डेडझीनपासून टप्प्याटप्प्याने इक्वॉल हे द्रव्य तयार करतात. इक्वॉल शरीरातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहींना, म्हणजे ते पेशींवर जेथे बसते त्या जागांना, डेडझीनपेक्षा अधिक घट्ट चिकटते आणि रक्तात अधिक काळ टिकते. ज्यांच्यात हे जिवाणू नसतात, त्यांच्यात त्याच डेडझीनपासून बहुधा दुसरेच द्रव्य बनते, आणि इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर त्याचा प्रभाव फारच क्षीण असतो. एकाच शिवारातला ऊस दोन गुऱ्हाळांवर गेला, तर गुळव्याच्या हातानुसार ढेपेचा रंग आणि कणी बदलते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आतड्यांतही काहीसे तसेच घडते.

इक्वॉल १९३२ साली गाभण घोडीच्या मूत्रातून प्रथम वेगळे काढण्यात आले आणि माणसाच्या मूत्रात ते १९८२ साली सापडले. पाश्चात्त्य देशांतील साधारण २५ ते ३० टक्के प्रौढांत ते तयार होते, तर जपान, कोरिया आणि चीनमध्ये हे प्रमाण ५० ते ६० टक्के आढळले आहे. पाश्चात्त्य देशांतील शाकाहारी लोकांतही ते मांसाहारी लोकांपेक्षा अधिक दिसते. म्हणजे दीर्घकाळच्या आहाराचा याच्याशी संबंध असावा. पण केवळ सोयाबीन जास्त खाल्ल्याने इक्वॉल न बनवणारी व्यक्ती ते बनवू लागते, असे प्रयोगांत खात्रीने दिसलेले नाही. प्रौढपणी ही क्षमता बहुतेकांत वर्षानुवर्षे तशीच राहते. प्रतिजैविकांच्या औषधांनी ती काही काळ ढळू शकते.

मोठ्या आतड्याच्या पुढे यकृताचे काम सुरू होते. शोषलेल्या पॉलिफेनॉलना यकृत आणि आतड्याच्या भिंतीतील पेशी ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथाइल गट जोडतात, म्हणजे ती मूत्रावाटे बाहेर टाकणे सोपे जाते. हे काम करणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, प्रत्येकाच्या जनुकांनुसार कमी-अधिक वेगाने चालतात. उदाहरणार्थ, चहातील कॅटेचिनना मिथाइल गट जोडणाऱ्या कॉम्ट या विकराच्या जनुकात एका जागी एक अक्षर बदललेले असले, आणि ते आई-वडील दोघांकडूनही तसेच आलेले असले, तर ते विकर तीन ते चार पट मंद चालते. त्यामुळे एकाच किटलीतला चहा दोघांनी घेतला, तरी त्यातील द्रव्ये दोघांच्या शरीरात सारखा वेळ राहतील असे सांगता येत नाही.

पदार्थाची स्वतःची घडणही विचारात घ्यावी लागते. कांद्यातील क्वेर्सेटिन ग्लुकोजला जोडलेले असते आणि लहान आतड्यातील एक विकर ते लगेच सोडवते. चहातील क्वेर्सेटिनचा बराच भाग रुटिन या रूपात, म्हणजे वेगळ्या शर्करेला जोडलेला असतो आणि ती शर्करा सोडवायला मोठ्या आतड्यातील जिवाणूंची वाट पाहावी लागते. नेदरलँडमधील संशोधकांनी १९९५ साली मोठे आतडे काढलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केला, तेव्हा कांद्यातील क्वेर्सेटिन ५२ टक्के शोषले गेले आणि शुद्ध रुटिन केवळ १७ टक्के. जेथे जिवाणूंची मदत लागत नाही तेथे माणसामाणसांतील तफावत मर्यादित राहते आणि जेथे ती लागते तेथे तफावत वाढते, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. जाता जाता एक गोष्ट स्वयंपाकघरासाठी : क्वेर्सेटिन कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत सर्वाधिक असते आणि गाभ्याकडे घटत जाते. तांबड्या रश्श्याच्या वाटणासाठी कांदा सोलताना सुक्या सालीबरोबर खालचे दोन रसरशीत पापुद्रेही काढून टाकायची पुष्कळांना सवय असते. ते टाकू नयेत.

आता आपल्या दोघींबद्दल. जाऊबाईंच्या आतड्यांत इक्वॉल तयार होत असावे आणि आपल्या होत नसावे, ही एक शक्यता आहे. पण ती सिद्ध झाल्याखेरीज मी खात्रीने सांगणार नाही, कारण दुसरी शक्यताही तितकीच खरी आहे. गरम वाफांचा त्रास कालांतराने आपोआपही ओसरतो. औषधांच्या चाचण्यांत ज्या स्त्रियांना निव्वळ दिखाऊ गोळी दिली जाते, त्यांच्यातही हा त्रास सरासरी निम्म्याने कमी झालेला दिसतो. इक्वॉल बनवणाऱ्या स्त्रियांनाच सोयाबीनचा अधिक फायदा होतो का, यावरचे अभ्यासही एकमुखी नाहीत.

सोयाबीन चालू ठेवायला हरकत नाही, कारण त्यातील प्रथिने दोघींनाही सारखीच उपयोगी आहेत. शंभर ग्रॅम सोयापिठात साधारण दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन असतात, त्यामुळे रोजच्या पिठात दोन-तीन चमचे पुरेत. कच्चे सोयाबीन तसेच दळू नये. त्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये असतात आणि ती नीट भाजल्याने किंवा उकडल्याने निष्प्रभ होतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीनयुक्त जेवण यांत चार तासांचे अंतर ठेवावे. स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि वाफांमुळे झोप मोडून दिवस वाया जात असेल तर भाकरीवर भरवसा ठेवून सोसत बसू नये. या त्रासावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून मला मधुमेह आहे. शेजारच्या गृहस्थांनी जांभळाच्या बियांची पूड सुरू केली आणि त्यांची उपाशीपोटीची साखर महिन्याभरात १८० वरून १३५ वर आली. मीही तीच पूड त्यांच्याच डब्यातून घेतली. माझी साखर होती तिथेच आहे. मात्रा वाढवावी का? त्यांनी तर डॉक्टरांची गोळी बंद केली आहे. – एक वाचक, राधानगरी

उत्तर : शेजाऱ्यांनी गोळी बंद केली, ही पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट आहे. कृपया आजच त्यांना भेटून, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय असे करू नका, असे सांगावे. आपणही मात्रा वाढवू नये.

जांभळाच्या बियांत एलॅजिटॅनिन या गटातील पॉलिफेनॉल भरपूर असतात. डाळिंब, अक्रोड आणि आपल्या सह्याद्रीतला हिरडा यांतही हाच गट आहे. त्यापासून आतड्यात एलॅजिक आम्ल बनते आणि जिवाणू त्याचे रूपांतर यूरोलिथिन या द्रव्यांत करतात. स्पेनमधील मुर्सिया येथील संशोधकांनी या बाबतीत माणसांचे तीन गट पाडले आहेत. एका गटात मुख्यतः यूरोलिथिन-ए बनते. दुसऱ्यात त्याबरोबर यूरोलिथिन-बी आणि आयसो-यूरोलिथिन-ए बनतात. तिसऱ्यात यांपैकी काहीच बनत नाही. पाच वर्षांच्या मुलांपासून नव्वदीपर्यंतच्या ८०० हून अधिक लोकांच्या त्यांच्या पाहणीत शेवटचा गट सर्व वयांत १० टक्क्यांच्या आसपास राहिला, तर पहिल्या दोन गटांचे प्रमाण वयानुसार बदलत गेले. याच संशोधकांनी वजन जास्त असलेल्या ४९ जणांना डाळिंबाचा अर्क दिला, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल कमी झाले ते दुसऱ्या गटातल्यांचे. त्यांचे कोलेस्टेरॉल सुरुवातीला अधिक होते, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते. पहिल्या गटातल्यांत तसा फरक दिसला नाही. सर्वांची सरासरी काढून पाहिली असती तर हा फरक त्यात बुडून गेला असता.

सुरुवातीला माणूस कोणत्या स्थितीत होता, हा मुद्दा पॉलिफेनॉलच्या संशोधनात वारंवार पुढे येतो. अमेरिकेत ३,५६२ ज्येष्ठ नागरिकांना रोज कोकोतील ५०० मिलिग्रॅम फ्लॅवनॉल (पॉलिफेनॉलचाच एक गट) किंवा दिखाऊ गोळी देऊन त्यांची स्मरणशक्ती तपासण्यात आली आणि त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. फायदा दिसला तो ज्यांच्या नेहमीच्या आहारात फळे-भाज्यांतून येणारी ही द्रव्ये आधीपासून कमी होती, त्यांच्यात. ज्यांना ती आधीच पुरेशी मिळत होती, त्यांना गोळीने वेगळे काही दिले नाही. आपल्या जेवणात रोज पालेभाजी, कांदा, कडधान्ये, हंगामातले फळ असेल आणि शेजाऱ्यांच्या जेवणात ते नसेल, तर तीच पूड दोघांना सारखी भासणार नाही.

परंतु, सर, खरा प्रश्न याहून आधीचा आहे, आणि आपण शिक्षक असल्यामुळे तो आपल्याला पटेल अशी आशा आहे. शेजाऱ्यांची साखर पुडीमुळे उतरली, हे ठरले कशावरून? उपाशीपोटीची साखर एकाच माणसाची आज आणि उद्या वेगळी येते. रात्री उशिरा झालेले जेवण, अपुरी झोप, सर्दी-तापासारखा आजार, कामाचा ताण यांनी ती सहज वर-खाली होते. शिवाय आपण नवा उपाय सुरू करतो तो बहुधा आकडा नेहमीपेक्षा वर गेल्यावरच. असा वर गेलेला आकडा पुढच्या खेपेला स्वाभाविकपणेच आपल्या नेहमीच्या पातळीकडे खाली येतो आणि त्याचे श्रेय मधल्या काळात घेतलेल्या पुडीला मिळते. पूड सुरू केली तेव्हाच त्यांनी चहातली साखर सोडली का, सकाळचे फिरणे सुरू केले का, हेही विचारून पाहावे. एकाच माणसाला ठरावीक काळ पूड, मग ठरावीक काळ तशीच दिसणारी निरुपद्रवी भुकटी, आणि हे चक्र पुन्हा एकदा, अशा रीतीने कोणते कधी हे त्याला न कळू देता दिले आणि दर खेपेला पुडीच्या काळातच साखर उतरली, तरच ती त्या माणसाला लागू पडते असे म्हणता येईल. माणसागणिक फरकाबद्दल जे दावे होतात, त्यांतले पुष्कळ या कसोटीवर कधी घासलेलेच नसतात. युरोपातील संशोधकांनी २०१४ ते २०१८ या काळात एकत्र येऊन खास याच विषयावर काम केले, तेव्हा त्यांच्याही वाटेत मोठी अडचण हीच होती की जुन्या चाचण्यांत गटांच्या सरासऱ्या होत्या, माणसांची वेगवेगळी नोंद नव्हती.

आपण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी आणि तिच्या आधारे डॉक्टरांशी बोलावे. जूनमध्ये राधानगरीच्या रानातली जांभळे बाजारात येतात, तेव्हा ती मूठभर आनंदाने खावीत. त्यांच्या गराच्या जांभळ्या रंगातही अँथोसायनिन ही पॉलिफेनॉल आहेत. मात्र त्यांना औषध समजू नये.

प्रश्न : माझ्या शरीरात इक्वॉल किंवा यूरोलिथिन तयार होते की नाही, हे लघवीच्या तपासणीतून कळते असे वाचले. अशी तपासणी करून त्यानुसार आहार ठरवावा का? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तत्त्वतः कळते. काही दिवस सोयाबीन किंवा डाळिंब खाऊन मग लघवीतील ही द्रव्ये मोजतात. मात्र ही पद्धत संशोधनासाठी वापरली जाते, नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबच्या यादीत ती नसते. विष्ठेतील जिवाणू तपासून आहाराचा तक्ता देणाऱ्या महागड्या पेट्याही हल्ली घरपोच मिळतात. त्यांच्या अहवालावरून एखाद्याने कोणते फळ खावे वा टाळावे हे ठरवण्याइतका भक्कम आधार आज उपलब्ध नाही. त्या पैशांची फळे आणावीत, हे मी गंभीरपणे सांगत आहे. आतड्यांतले निरनिराळे जिवाणू निरनिराळ्या तंतूंवर आणि पॉलिफेनॉलवर जगतात, त्यामुळे ताटात जितके वैविध्य तितकी त्यांच्यापैकी कोणाची तरी सोय होते.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी मला एकाने काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. त्यांना गुण आला म्हणतात. हळद तर आपण रोजच खातो, मग कॅप्सूल घेण्यात धोका तो काय? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : रोजच्या स्वयंपाकातली हळद आणि कॅप्सूल यांत मात्रेचा आणि शोषणाचा फार मोठा फरक आहे, आणि धोका असलाच तर तो याच फरकात आहे.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हे पॉलिफेनॉल वजनाच्या सरासरी ३ टक्के असते. चहाचा सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीत ते ९० मिलिग्रॅमच्या जवळपास भरेल, आणि चौघांच्या आमटीत आपण एवढीही हळद घालत नाही. त्यातलेही फार थोडे रक्तात उतरते, कारण आतड्याची भिंत आणि यकृत त्याला लगोलग ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून बाहेर काढतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली असे दाखवले की, २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतील पायपेरिन हे द्रव्य अवघे २० मिलिग्रॅम दिले, तर माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता २० पटींनी वाढते. पायपेरिन ती बाहेर काढण्याची क्रियाच रोखून धरते. कॅप्सूलमध्ये मिरी घालतात ती यासाठी. अडचण अशी की ही क्रिया केवळ हळदीपुरती नसते. फेफऱ्यासाठी दिले जाणारे फेनिटॉइन, रक्तदाब व हृदयासाठीचे प्रोप्रानोलॉल अशा औषधांची रक्तातील पातळीही पायपेरिनमुळे वाढल्याचे आढळले आहे.

आता माणसामाणसांतील फरकाकडे येऊ. हळदीच्या कॅप्सूल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि एक रुग्ण दगावला. या दहांपैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकाचा विशिष्ट प्रकार सापडला. सर्वसाधारण लोकसंख्येत तो याहून कितीतरी विरळ असतो. ग्रीन टीच्या अर्काने यकृताला इजा झालेल्या रुग्णांतही हाच प्रकार अधिक आढळला होता. तो शरीरात असला म्हणजे इजा होणारच असे नाही, तो असलेले बहुसंख्य लोक सुखरूप असतात. पण ज्या कॅप्सूलने आपल्या परिचितांना गुण आला, तीच आपल्या यकृताला सोसेल याची हमी त्यांच्या अनुभवातून मिळत नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

गुडघेदुखीवर कर्क्युमिनचा थोडाफार उपयोग होतो असे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे, त्यामुळे आपली इच्छा अवाजवी नाही. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, चालू औषधांची यादी दाखवून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, पित्ताशयात खडे असल्यास किंवा पूर्वी कावीळ झाली असल्यास टाळावी. घेत असताना भूक मंदावली, लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ती त्याच क्षणी थांबवून यकृताच्या तपासण्या कराव्यात. आमटीतली, भाजीतली, रात्रीच्या दुधातली हळद निर्धास्त खावी. हा इशारा तिला लागू नाही.

प्रश्न : मला दोन मुली आहेत. दोघीही कॉलेजला जातात, दोघीही सकाळी पोह्यांबरोबर आणि दुपारी जेवल्यावर चहा घेतात. थोरलीचे हिमोग्लोबिन १२.५ आहे आणि धाकटीचे ९. चहामुळे लोह कमी होते म्हणतात, मग थोरलीचे का नाही झाले? धाकटी पालेभाजी आणि नाचणीही खाते. – एक आई, राजारामपुरी

उत्तर : चहातील टॅनिन हीदेखील पॉलिफेनॉलच आहेत आणि ती काय करतात ते पाहणे उद्बोधक आहे. पोह्यांतले किंवा पालेभाजीतले लोह पोटात सुटे होते आणि त्याच वेळी चहाचा घोट येऊन पोहोचला, तर टॅनिन त्या लोहाला धरून ठेवतात आणि तयार झालेली न विरघळणारी जोडी आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही. पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिला असता लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ सालच्या एका अभ्यासात दिसले. चहात दूध घातल्याने यात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे आपला दुधाचा चहा यातून सुटत नाही. पातेल्यात पूड घालून पाच-सात मिनिटे खळखळवलेल्या आपल्याकडच्या चहात तर टॅनिन भरपूर उतरलेली असतात.

मग थोरली कशी वाचली? पत्रात आपण लिहिलेले नाही, पण एक गोष्ट आवर्जून पाहावी : थोरली मटण, कलेजी, मासे खाते आणि धाकटी शाकाहारी आहे, असे आहे का? मटणातील लोह हीम या रूपात, एका कवचात बांधलेले असते. टॅनिनचा त्याच्यावर नगण्य परिणाम होतो, आणि त्याच जेवणातल्या भाकरी-भाजीचे लोहही मांसामुळे अधिक शोषले जाते. तसे असेल तर रविवारी तांबड्या रश्श्याबरोबर ताटात येणाऱ्या मटणाच्या चार फोडींनी बराच फरक पडू शकतो. दुसरे, मासिक पाळीतला रक्तस्राव दोघींचा सारखा नसतो, आणि माझ्या मते धाकटीच्या बाबतीत चौकशी येथूनच सुरू करावी. तिसरे, शरीरात लोहाचा साठा भरलेला असला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक सोडून आतड्यांतील शोषण कमी करते आणि साठा आटला की हेप्सिडिन घटवून शोषण वाढवते. परंतु एखाद्या छुप्या जंतुसंसर्गात किंवा दाहात हेप्सिडिन चढेच राहते आणि मग गरज असूनही लोह आत घेतले जात नाही. लाळेतील टॅनिनला बांधून टाकणाऱ्या प्रथिनांचे प्रमाणही माणसागणिक वेगळे असते, मात्र त्याचा वाटा लहान असावा.

नाचणीबद्दलही थोडे. तिच्यातील कॅल्शियम उत्तम आहे, पण तिच्या तांबूस टरफलात टॅनिन आणि फायटेट दोन्ही असतात आणि ती लोह अडवतात. नाचणीला मोड आणून, वाळवून दळली किंवा पीठ रात्रभर आंबवून आंबील केली, तर हा अडथळा पुष्कळ कमी होतो. भुदरगड-आजऱ्याकडे आंबील करण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने फार शहाणपणाची आहे.

धाकटीचा चहा बंद करण्याची गरज नाही, वेळ बदलावी. जेवणानंतर निदान एक तासाने घेतलेला चहा लोहाला बराच कमी अडवतो. पोह्यांवर लिंबू भरपूर पिळावे, जेवणात पेरूची फोड किंवा ताजा आवळा असावा, कारण क जीवनसत्त्व टॅनिनच्या तावडीतून लोह बऱ्याच अंशी सोडवते. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर कधीही देऊ नये. तथापि हिमोग्लोबिन ९ असताना निव्वळ आहारावर विसंबून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, म्हणून घराघरांत तो अंगवळणी पडल्यासारखा झाला आहे. पण वर्गात डुलकी लागणे, जिना चढताना धाप लागणे हे त्या वयाच्या मुलीचे नेहमीचे असता कामा नये. डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, हेही तपासून घ्यावे, आणि थोरलीचेही फेरिटिन याच वेळी पाहावे, कारण हिमोग्लोबिन १२.५ असतानाही आतला साठा रिकामा झालेला असू शकतो. उपचार सुरू झाल्यावर महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा मोजावे आणि ते वर आल्यावरही, साठा भरून येण्यासाठी डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या चालू ठेवाव्यात.